तिसरं नाव

हे मी अजून बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. आपल्यापासून ह्यांचं काहीच लपत नाही असं तिला वाटतं — वाटू दे. त्या गोष्टीला सात वर्षं झाली.

जिंतूरकडच्या एका गावात मी गणित शिकवतो. माणूस सरळ आहे असं लोक म्हणतात. पण हा सरळ माणूस नाकावर माशी बसू देत नाही, हे लोकांना कुठं माहीत?

नववीत वैशाली होती. गवंड्याची मुलगी, तोंडाने फटकळ, गणितात पक्की. मधल्या सुट्टीत ती माझी नक्कल करायची — पँट वर ओढत, खाकरत फळ्याकडे निघालेला मी. एकदा खिडकीतून मी ती पाहिली. पोरं लोळून हसत होती. मीही हसलो, दाखवायला. आतून फार झोंबलं. चौदा वर्षांच्या पोरीची थट्टा मनात धरून ठेवावी, असा कसला मी मोठा लागून गेलो होतो?

दिवाळीनंतर उरलेले फटाके शाळेत फोडायचं खूळ निघालं. एक दिवस माझ्याच तासाला मुतारीमागं सुतळी बॉम्ब उडाला, पत्रा फाटला. दोन पोरं भिंतीवरून उड्या टाकून पळाली, मी खिडकीतून ओळखली. मुख्याध्यापकांनी पोलीस ठाण्यातल्या ओळखीच्या जमादारांना फोन लावला. आमच्याकडे ही रीतच — पोरं हाताबाहेर गेली की वर्दी दाखवायची, जीपमधून फाट्यापर्यंत एक चक्कर मारून आणायची. गुन्हा नाही, कागद नाही. वर्गशिक्षक म्हणून नावं मी द्यायची होती.

दोन नावं लिहिली. आणि मग — कसं सांगू? — तिसरं नाव वैशालीचं लिहिलं.

बॉम्ब उडाला तेव्हा ती कुठं होती? माझ्यासमोर. फळ्यावर गणित सोडवत होती. मीच उठवलं होतं तिला.

दुसऱ्या दिवशी जमादारांनी वर्गात येऊन नावं वाचली. ती रडली नाही. माझ्याकडे वळून म्हणाली, "सर, मी फळ्यापाशी होते की. तुमी सांगा ना ह्यांना."

मी हजेरीपटात बघत राहिलो. वर्दीपुढं वर्गातलंही कुणी बोललं नाही. पण ती पोरं होती. मी?

त्या दिवशी बाजार होता. जीप बाजारातूनच गेली. अर्ध्या तासाने ती दोन पोरं हिरो होऊन उतरली. वैशाली उतरली आणि दप्तर घेऊन घरी गेली. पुन्हा शाळेत आली नाही.

चौथ्या दिवशी तिचे वडील दाखला न्यायला आले. "पोरगी पोलिसाच्या जीपमंदी अख्ख्या बाजारानं बघितली, सर. आता कुठली शाळा? स्थळ बघायलोय." तेव्हा तरी तोंड उघडता आलं असतं — नाही का? मी दाखला लिहिला. वर्तणुकीच्या रकान्यात 'चांगली' असं लिहिलं, नेहमीच्या वळणदार अक्षरात.

उन्हाळ्यात लग्न झालं. पत्रिका द्यायला वडील स्वतः आले, म्हणून गेलो. त्यांनी मला पुढच्या खुर्चीवर बसवलं, पोरीचे सर म्हणून टॉवेल-टोपी दिली. ती पंधरा वर्षांची होती. मला ठाऊक होतं, बोहल्यावरच्या त्या पोरीलाही ठाऊक होतं की मला ठाऊक आहे. तिने एकदाच माझ्याकडे पाहिलं. मग मंगलाष्टकं सुरू झाली, आणि अक्षता मीही टाकल्या.