घराची किंमत वाढवून घेताना

घर विकत घेताना मालकाच्या दारी जाऊन "कृपया किंमत वाढवा" अशी विनंती करणारे आमचे कुटुंब मुकुंदवाडीत बहुधा एकमेव असावे.

फ्लॅट रशीदचाचांचा. चहाच्या दोन फेऱ्यांत आईने भाव बराच खाली आणला होता. तिथेच थांबणे इष्ट होते. परंतु मी भौतिकशास्त्राची एम.एस्सी. (ही व्याधी घरात माझ्यापासूनच सुरू झाली). मोबाईलवर आवाज मोजून मी खिडकीमागून जाणाऱ्या रेल्वेच्या शिट्टीचा आलेख काढला आणि चाचांपुढे ठेवला.

"बेटा, मी इथं उमर काढली. मला तर कधी ऐकू नाय आली," चाचा म्हणाले. पण आलेखापुढे हरले आणि अजून थोडे उतरले.

माझा विजय करसल्लागाराच्या खुर्चीपर्यंत टिकला.

"सरकारनं या भागातल्या घरांची किमान किंमत ठरवलेली आहे. तिला रेडी रेकनर म्हणतात," ते म्हणाले. "तुम्ही कितीही स्वस्तात घ्या, मुद्रांक शुल्क सरकारी किमतीवरच लागणार. दहा टक्क्यांपर्यंत फरक चालतो. त्यापुढं गेलात, की सगळा फरक तुमचं उत्पन्न धरून त्यावर आयकर."

आईने ठरवलेला भाव त्या दहा टक्क्यांच्या आत होता. माझ्या आलेखाने तो जेमतेम बाहेर ढकलला होता. वाचवले त्याहून कर जास्त होता.

"म्हंजे गाडीनं शिट्टी वाजवायची आन् कर आपण भरायचा?" आईने विचारले. शास्त्रीयदृष्ट्या यात चूक काढता येईना.

आम्ही पुन्हा फ्लॅटवर गेलो. "चाचा, थोडे जास्त घ्या," मी म्हणाले.

चाचांनी कप खाली ठेवला. "जास्त? भाभी, खरं सांगा. इधर से मेट्रो जा रही क्या?"

"नाही हो रशीदभाई. हिच्या हुशारीपायी आलोय."

"मग रहने दो. काहीतरी लपवताय तुम्ही. मला विकायचंच नाय."

महिनोन्महिने शोधून सापडलेले घर हातचे चालले होते. मी कर, टक्केवारी, सारे समजावले. चाचांनी कप पुन्हा उचलला.

"पैसे घेतो," अखेर ते म्हणाले. "पण फुकटचे नको. तू माझ्या घराला नावं ठेवली, म्हणून मी उतरलो. पहिलं ते मागं घे. शिट्टी ऐकू येते का?"

नेमकी त्याच क्षणी गाडी आली. खिडकीची तावदाने थरथरली. आईने पदर तोंडाला लावला.

"बोल बेटा. काही ऐकलं?"

"नाही, चाचा," मी म्हणाले. गाडीमुळे ते दोनदा म्हणावे लागले.

आता आम्ही तिथेच राहतो. भल्या पहाटे शिट्टीने सगळे घर दचकून उठते. माझी मात्र झोप मोडत नाही, असे आई येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगते.