बोळक्या तोंडातले निळे ठिपके

आधी एवढं समजून घ्या: दात किडवणारा जंतू नुसत्या जिभेवर, हिरड्यांवर फारसा टिकत नाही. त्याला चिकटायला दात लागतो. म्हणून तर त्या दिवशी मी लॅबमध्ये अक्षरशः नाचले!

ऐंशीच्या दशकात मी भंडाऱ्याला बी.एस्सी. करत होते. सर म्हणाले होते, लाळेतल्या या जंतूवरचा प्रोजेक्ट चांगला झाला तर नागपूरच्या एम.एस्सी.साठी मी स्वतः बोलतो. झालं, मला दुसरं काही सुचेचना! जोडीला माझी जिवाभावाची मैत्रीण, आंधळगावची. ती गावातल्या लोकांना मेणाचा तुकडा चघळायला द्यायची, बाटलीत लाळ घ्यायची आणि थर्मासात बर्फ टाकून एसटीनं आणायची. मी ती जंतू वाढवायच्या प्लेटवर पसरवायची. प्लेटमध्ये साखर, निळा रंग आणि बाकीच्या जंतूंना दाबणारं औषध. मग प्लेटा बरणीत रचून आत मेणबत्ती लावायची, झाकण घट्ट. मेणबत्ती विझली की आतली हवा आमच्या जंतूला मानवायची.

तिच्या आबाजींच्या तोंडात एकही दात नव्हता, कवळीही नाही. त्यांची प्लेट कोरी निघणार, मी धरूनच चालले होते. आणि निघाली कशी? निळ्या, खडबडीत ठिपक्यांनी गच्च! स्लाइड रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तर जांभळ्या मण्यांच्या माळा. तोच!

"अगं, आपल्याला नवीनच काही सापडलं!" मी तिला मिठी मारली.

"पेढे लागतीन आता," ती हसली.

सर म्हणाले, "पुन्हा नमुना आणा. तेच आलं तर मानीन."

"मी आणतो ना," ती लगेच म्हणाली. "तू काहून धावपळ करतं?"

पण मला दम कुठला! रविवारी तिला न सांगताच आंधळगाव गाठलं. ती तळ्यावर धुणं धुवायला गेली होती. आबाजी ओसरीत बसले होते. मी बाटली पुढे केली.

"हे काय वो बाई?"

"लाळ, आबाजी. त्या दिवशी दिली तशीच."

"मी? कवा देल्ली?" ते हसायलाच लागले. "नातीच्या हातात आपलं उष्टं थुक देते काय कोनी? पाप लागन ना मले! तिले म्हनलो, दुसरं काही माग. गेली बापा फुगून."

तेवढ्यात ती ओले कपडे घेऊन दारात. माझ्या हातातली बाटली बघितली आणि थबकली.

"कोणाची होती ती लाळ?"

"माही," ती म्हणाली. "आबाजी आयकत नोहते, अन् तू मांगं लागली होती. एकच त होती."

"मी नाचत होते तेव्हा का नाही बोललीस?"

"तू येवढी खुश होती. कसं सांगू?"

"आणि आता 'मी आणतो' म्हणालीस, ती पण तुझीच आणणार होतीस?"

ती पिळलेलं लुगडंच पुन्हा पिळत बसली.

सोमवारी सरांना सांगितलं. मग मी एकेक प्लेट उचलून निर्जंतुक करायच्या कुकरमध्ये टाकायला लागले. तिनं माझा हात धरला. "बाकीच्या खऱ्या आहेत वं! तुही शप्पथ!"

असतीलही. पण ते मला फक्त तीच सांगू शकत होती. मी हात सोडवून घेतला आणि पुढची प्लेट उचलली.