गौरीपुढचा चोर

आता काय सांगू तुम्हाला, भर हळदीकुंकवात मी चोर पकडायला निघाले आणि... थांबा, आधी माझ्या पायांचं सांगते.

मला गोड लघवीचा विकार, त्यात रक्ताचा दाब. श्रीवर्धनच्या आमच्या डॉक्टरांनी साखर तोडली, लोणचं-पापड तोडले. दर खेपेला विचारायचे, "वहिनी, पायांना मुंग्या? तळवे बधिर?"

"छे हो! पाय ठणठणीत."

साफ खोटं! सारवणावर चालते की कापसावर, तेही कळेनासं झालं होतं. पण मुंबईला लेक बाळंत व्हायची होती. खरं सांगितलं असतं तर डॉक्टरांनी मला बोटीत बसू दिलं असतं?

"तरी अनवाणी फिरू नका," ते म्हणाले. म्हणून यांनी टाचेमागे पट्टा असलेल्या नव्या वहाणा आणल्या.

त्या घालून गंगाकाकूंकडे चैत्रगौरीला गेले. वाट वाडीतली, सुपारीला नुकतंच शिंपण झालेलं. दारातल्या तांब्याने पायांवर पाणी घेतलं, गौरीला हळदकुंकू वाहिलं आणि पाय लुगड्याखाली पोटाशी घेऊन सतरंजीवर बसले. पन्हं आलं, तर ऐटीत म्हटलं, "नको हो. आपल्या प्रकृतीला आपणच जपावं लागतं!"

काकूंची सून दाराशी होती. तिला म्हटलं, "माझ्या नव्या वहाणा जरा आडोशाला सरकव गं."

"मावशी, नव्या वहाणा? इथे नाहीत!"

झालं! मी ताडकन उठले. "चोर! अगं बाई, ही बघा ओली पावलं! मेला वहाणा घालून आत शिरलाय!"

"गौरीपुढे वहाणा?" काकू कडाडल्या. "सत्यानाश होवो मेल्याचा!"

"होवोच!" मी म्हटलं आणि केरसुणी उचलली.

पुढे मी, मागे दहा बायका. पावलं ओटीवरून माजघरात, तिथून थेट गौरीपुढे, मग वळून सतरंजीपाशी.

"इथे बसला होता चोर!"

"तिथे तर तू बसली होतीस," काकू म्हणाल्या. त्यांची नजर हळूहळू खाली गेली. माझीही गेली.

माझ्याच पायांत, चिखलाने माखलेल्या, कोऱ्या करकरीत वहाणा!

मग कोपऱ्यातल्या डॉक्टरीणबाईंनी, आमच्या डॉक्टरांच्या बायकोने, पदर तोंडाला लावला आणि सगळं माजघर खदखदलं. मी मात्र रडकुंडीला आले. आता डॉक्टरांच्या कानावर जाणार, गेली माझी बोट!

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पट्टा सोडला. टाचेवर सुपारीएवढा फोड! मला पत्ता नाही!

"ठणठणीत ना, वहिनी?"

"लेकीकडे जायचं होतं हो..."

ते जरा निवले. "फोड भरला की जा. पण रोज उजेडात दोन्ही तळवे डोळ्यांनी बघायचे, बोटांच्या बेचक्यांसकट. पाय काय सांगतात त्यावर विसंबू नका."

फोड भरला. बोटीत चढताना मी आधी खाली वाकून पाय बघितले. वहाणा होत्या.

हे धक्क्यावरून ओरडले, "त्यांची काळजी करू नकोस! त्या चोरायच्या तर तुलाच उचलून न्यावं लागेल, आणि एवढा दांडगा चोर आपल्या तालुक्यात नाही!"