बेडकाला दोनच लाइक

हा किस्सा कुणाला सांगायचा नाही, अशी बायकोची ताकीद आहे. तेव्हा चहा घ्या, उंडो, म्हणजे आमचा गोव्याचा पाव, हवा तर तो समोर आहे, आणि निवांत ऐका. फजिती माझी आहे, पण मी ती छाती काढून सांगणार आहे. का, ते कळेलच.

आमची सानिका बेडकांचा अभ्यास करते. हो, बेडकांचा. प्राणीशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि आता डिचोलीत खोली घेऊन राहते. शिरगावकडच्या एका बंद खाणीच्या खड्ड्यात पावसाळ्यात पाणी साचतं. तिथे ही रेनकोट घालून चिखलात बसते आणि बेडकांचं ओरडणं रेकॉर्ड करते. इथे पेडण्यात कुणी विचारलं, मुलगी काय करते, तर मी म्हणतो, संशोधन. कशावर, असं विचारलं की बायको चहा टाकायला आत जाते.

या पावसाळ्यात तिला एका बेडकाचा असा आवाज मिळाला, जो त्या भागात आधी कुणी टिपला नव्हता. तिने तो समाजमाध्यमावर टाकला. हे माध्यम नेहमीचं नव्हे बरं का. याला एक मालक नाही. जागोजागच्या लोकांनी आपापला सर्व्हर चालवायचा आणि ते सगळे एकमेकांना जोडलेले. सानिका शास्त्रज्ञांच्या एका सर्व्हरवर आहे. आमच्या पेडण्यातल्या हौशी मंडळींनीही एक काढलाय, त्यावर मी, बायको आणि शेजारचा दत्ताराम.

सकाळी पोस्ट उघडली. बेडूक जीव तोडून ओरडत होता. खाली लाइक दोन. एक माझं, एक बायकोचं.

संध्याकाळी पाहिलं, दोन. दुसऱ्या दिवशी पाहिलं, दोनच.

आणि त्याच्या वरच दत्तारामच्या कोंबड्याचा फोटो. कोंबडा कुंपणावर उभा आहे, एवढंच. काही करतही नाही. त्याला लाइक एकतीस.

"कितें रे, चेडवाचो बेडूक चलना मरे?" दत्तारामने कुंपणापलीकडून पोरीच्या बेडकाची चौकशी केली. "तिका सांग, कोंबडो घाल."

मी हसलो. पण जेवण काही गेलं नाही. पोर चिखलात बसून काम करते आणि जग ढुंकूनही बघत नाही? बापाला काय वाटेल, तुम्हीच सांगा.

फोन लावला. "सानू, तू मनाला लावून घेऊ नकोस हां."

"काय, पप्पा? नीट ऐकू येत नाही. मी खड्ड्यात आहे."

"असं बोलायचं नाही, बाय. यातून आपण वर येऊ."

"येणार ना, जरा पाऊस थांबू दे." आणि फोन कट.

मी बायकोला सांगितलं, पोरगी म्हणते मी खड्ड्यात आहे. तिचे डोळे भरून आले. आता मी गप्प बसणार का?

तुयेच्या फॅक्टरीत मी पॅकिंगचा सुपरवायझर. चहाच्या सुट्टीत तानाजीला गाठलं. हा गडहिंग्लजचा, मनाने मोकळा माणूस.

"तानाजी, तुझ्या मोबाइलवर एक ॲप घालायचंय."

"कशाचं हाय, सायेब? हजेरीचं?"

"बेडकाचं."

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मोबाइल दिला. मी त्याची आमच्या पेडण्याच्या सर्व्हरवर नोंदणी केली, बेडूक ऐकवला.

"आमचा मेव्हणा असाच घोरतोय," तानाजी म्हणाला. "पण ह्यो बरा हाय." आणि लाइक दिलं.

आठवडाभरात सगळं पॅकिंग खातं बेडकाच्या मागे उभं राहिलं. कोल्हापूरवाले, बेळगाववाले, आमचे पेडण्याचे, सगळे. आकडा कोंबड्याच्या पुढे गेला, तेव्हा मी मोबाइल घेऊन मुद्दाम कुंपणापाशी उभा राहिलो. दत्ताराम म्हणाला, "बरो आवाज आसा." एवढं त्याच्याकडून खूप झालं.

इथे थांबलो असतो तर निभावलं असतं. पण मी थेट मॅनेजरसाहेबांकडे गेलो. "साहेब, मुलगी हुशार आहे. सध्या जरा खचलीय. क्वालिटीत कुठे जागा असेल तर बघा." साहेब भला माणूस. म्हणाले, सोमवारी भेटायला पाठवा.

शनिवारी सानिका घरी आली. टवटवीत, भुकेली. आईने पातोळ्या केल्या होत्या. वाढताना ती पोरीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"आई, कोण गेलं का?" सानिकाने विचारलं.

मी घसा साफ करून नोकरीची बातमी दिली. तिने हातातली पातोळी खाली ठेवली.

"पप्पा, तुम्हाला माझं काम आवडत नाही?"

"आवडतं गो. पण जगाला आवडायला नको? आमची फौज येईपर्यंत दोनच लाइक होती."

तिने आपला मोबाइल माझ्यापुढे धरला. तीच पोस्ट, तोच बेडूक. लाइक नऊशेच्या वर. ब्राझील, जपान, केरळ, कुठकुठली माणसं.

"हे कसं?"

"पप्पा, लग्न डिचोलीत असलं तर आहेर कुठे जमा होतो? लग्नघरी. माझी पोस्ट माझ्या सर्व्हरवर आहे, म्हणून सगळी लाइक तिथे येतात. तुमच्या सर्व्हरला कळतं ते फक्त तुमच्यातलं कोण आहेर करून आलं."

"आणि दत्तारामचा कोंबडा?"

"तो तुमच्याच सर्व्हरवरचा. त्याचं लग्न तुमच्या अंगणात."

बायकोने माझ्याकडे जे पाहिलं, ते मी सांगत नाही.

"पण एक गंमत सांगू?" सानिका म्हणाली. "केरळच्या एका प्राध्यापकबाईंनी मला विचारलंय, एकाच सर्व्हरवरची चाळीसेक कामगार मंडळी बेडकावर एवढी खूश कशी? तुम्ही त्यांच्यात काय काम केलंत? मी लिहिलं, मी काही केलं नाही, तिथे माझे वडील आहेत."

मी चष्मा पुसायला घेतला.

सोमवारी मॅनेजरसाहेबांना सांगितलं, ती येणार नाही. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आता बरी आहे ना ती?"

गेल्या महिन्यात डिचोलीच्या सभागृहात तिचं व्याख्यान झालं. आम्ही दोघं, दत्ताराम, तानाजी, सगळे पहिल्या रांगेत. सानिका म्हणाली, "आता मी तो आवाज ऐकवते." किंचाळल्यासारखा एक लांब आवाज आला. मी उभा राहून टाळ्या वाजवल्या. मागे वळून लोकांना सांगितलं, "ऐकलंत? आमच्या मुलीने शोधलेला."

सानिका मंचावरून म्हणाली, "पप्पा, बसा. तो माईक होता. बेडूक अजून यायचाय."