टीचरनी पाळलेला शब्द

टीचर कधी खोटं बोलल्या नाहीत. माझी तक्रार नेमकी तीच आहे.

त्या मूळच्या नगरच्या, मराठी ख्रिस्ती. कलकत्त्यात भवानीपूरला आमच्या वरच्या मजल्यावर एकट्या राहत आणि मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत. बाबांची बँकेतली बदली होऊन आम्ही तिथे गेलो तेव्हा मला इंग्रजी येत नव्हतं, बंगालीही नाही. शेजारी मराठी माणूस मिळालं म्हणून आई हरखून गेली, पण शिकवणी लावताना तिने अट घातलीच. "आमच्या पोरीला तुमच्या धर्माचं काही सांगायचं नाही हं."

"नाव काढणार नाही," टीचर म्हणाल्या.

व्याकरणाला त्या हात लावत नसत. फडताळातून एका मालिकेतली जाडजूड इंग्रजी कादंबरी काढायच्या आणि मला मोठ्याने वाचायला लावायच्या. त्या मालिकेत बोलणारी बदकं होती, धुक्यात दडलेलं राज्य होतं आणि एक नावाडी होता. मी अर्थ विचारला की म्हणायच्या, "अर्थ कशाला मागतेस? पुढे वाच."

हा नावाडी एका चोराच्या पोरासाठी स्वतः बुडतो आणि तिसऱ्या पहाटे होडी घेऊन परत येतो. मरण पावलेली सगळी लेकरं त्या होडीत बसलेली असतात. माझा धाकटा भाऊ बंडू टायफॉइडने गेला, त्याच आठवड्यात टीचरनी मला ते प्रकरण वाचायला दिलं. मी धावत खाली गेले आणि आईला सांगितलं, बंडू होडीत आहे. त्या दिवशी ती पहिल्यांदा दोन घास जेवली.

एकाहत्तर साली नक्षलवाद्यांच्या धुमाकुळामुळे कॉलेज वरचेवर बंद असायचं. वेळ जाईना म्हणून मी ती पुस्तकं पुन्हा मागून आणली. एव्हाना अभ्यासापुरतं बायबल वाचून झालं होतं. नावाड्याने मोडून वाटलेली भाकरी दिसली, त्याच्या तळहातांवरचे वण दिसले, आणि हा बायबलातलाच आहे हे मी ओळखलं. ज्याला मी इतकी वर्षं माझा समजत होते, तो माझा नव्हताच. मला गोडीगुलाबीने फसवलं होतं.

तशीच वर गेले. टीचर मटार सोलत होत्या. "हा नावाडी तुमचाच देव ना?" म्हणत मी पुस्तक पुढ्यात टाकलं.

"मी कधी नाव काढलं का?" त्यांनी विचारलं.

"नाव नाही काढलंत. माणूसच आणून बसवलात आमच्या घरात."

"तुला तेव्हा कुणीतरी हवं होतं गं. माझ्याकडे तो एकच होता."

असेलही तसं. मला ते तेव्हा पटलं नाही, आजही पटत नाही.

पुढे निवृत्त होऊन त्या नगरला परत निघाल्या. हावड्याला आईने त्यांना दशम्या आणि लोणच्याची बरणी बांधून दिली. गाडी गेल्यावर डोळे पुसत म्हणाली, "शब्दाच्या पक्क्या हो बाई." आता हिला सगळं सांगून टाकायचं, असं मी ठरवलं.

परतताना बस पुलावर अडकली. खाली गंगेत होड्या होत्या. आई बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली.

"बंडू आता वल्हं धरण्याएवढा झाला असेल, नाही?" ती म्हणाली.

"हो," मी म्हणाले.