मालकांचं खोटं

बदनापूरला आम्ही ज्यांच्या घरात भाड्यानं राहत होतो, ते मालक भाडं थकलं तरी दारात येऊन मागत नसत. रस्त्यात भेटले की हळूच विचारत, "सर, कधी जमंल? तारीख तुमीच सांगा." तारीख सांगितली की "बराबर" म्हणत आणि त्या दिवसापर्यंत विषय काढत नसत.

मी खाजगी शाळेत शिकवतो. मागं तीन महिने पगार झाला नाही आणि मी दोन तारखा चुकवल्या. एका सकाळी त्यांचा मुलगा दारात येऊन ओरडला, "ऐपत न्हाई तर खोली खाली करा!" माझी आठ वर्षांची मुलगी दप्तर भरत होती. ती माझ्याकडं बघतच राहिली.

संध्याकाळी मालक आले. मुलीसमोर खाली बसून म्हणाले, "बाई, माझ्या पोराची चूक झाली. तुझ्या पप्पानं भाडं मला कवाच दिल्तं."

त्यांना सोडायला मी कोपऱ्यापर्यंत गेलो. तिथं ते थांबले. "सर, या वयात लेकराशी खोटं बोललो. तेवढं खरं करून द्या."

दुसऱ्या दिवशी मी मोटारसायकल विकली आणि पैसे त्यांच्या हातात ठेवले. त्यांनी मुलाला बाहेर बोलावलं.

"सरांची माफी माग."

"माफी कशाची? भाडं तर आत्ता देऊन राह्यले."

"भाड्याची न्हाई," मालक म्हणाले. "लेकरासमोर बोलला, त्याची माग."