भजी दिवसाच्या शुभेच्छा

आज म्हणे भजी दिवस आहे. कोणी ठरवला, देव जाणे! सकाळपासून सोसायटीच्या ग्रुपवर शुभेच्छांचा नुसता मारा चाललाय. परवा पतंगांचा दिवस झाला, तेव्हा आकाशात औषधालाही पतंग नव्हता.

त्यात शेजारच्या मालतीताईंनी कांदाभज्यांचा फोटो टाकला. खरी भजी भिंतीपलीकडे तळताहेत, वास थेट माझ्या स्वयंपाकघरात येतोय. पूर्वी त्यांच्याकडे काही तळलं की झाकलेली ताटली आमच्या दारात यायची. रिकामी परत द्यायची नाही म्हणून मी तिच्यात निदान चमचाभर साखर तरी घालायचे.

"अगं, त्यांना काहीतरी उत्तर दे की," हे म्हणाले.

दिलं. फोटोला अंगठा पाठवला. रिकामी ताटली परत कशी करायची?